जनावरे उतरवायला बाजारात धक्का हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या, संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्डा यात्रेविषयी आपल्या वृत्तपत्रात दरवर्षी भरभरून छापून येते. अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचे पाळणे, शोभेचे दारूकाम या सगळ्यांना जागा मिळते आणि ती मिळायलाच हवी. विजापूर रस्त्यावरील रेवणसिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात याच यात्रेनिमित्त भरणारा जनावरांचा बाजार मात्र अमुक जोडीला किती भाव आला एवढ्या बातमीवर संपतो. त्या बाजारात वाहनातून जनावरे उतरवायला-चढवायला धक्का, म्हणजे गाडीच्या तळाइतका उंच आणि उतार असलेला बांधीव ओटा असावा, एवढ्या साध्या सोयीसाठी हे पत्र लिहीत आहे.

नोकरीमुळे मी शहरात राहत असलो तरी आमचे घर शेतकऱ्याचे आहे आणि लहानपणी वडिलांचे बोट धरून पाहिलेला हा बाजार मी सहसा चुकवत नाही. पहाटेच्या थंडीत कडब्याच्या पेंढ्या सुटलेल्या असतात, दावणीला ओळीने खिलार खोंड उभे असतात, शिंगे साळून तेल लावलेली, गळ्यात घुंगुरमाळ, कपाळावर गोंडे. गिऱ्हाईक आधी वय ओळखायला जबडा उघडून आदत (दुधाचे दात न पडलेला) आहे की दोनदाती ते पाहते, मग कासरा धरून चालवून बघते, अंगावरचे भोवरे तपासते आणि शेवटी टॉवेलाखाली हातात हात घालून बोटांवर किंमत ठरते. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही आकडा कळत नाही. सौदा जुळला की इसार दिला जातो. हे सारे पाहायला शहरातील मुलांना आवर्जून न्यावे, असे मला मनापासून वाटते.

गेल्या हिवाळ्यात जिल्ह्यातील अशाच एका बाजारात आमच्या भावकीतील काकांनी त्यांचा चारदाती बैल विक्रीला नेला होता. मी सोबत होतो. टेम्पोचा फळका पाडला, खाली उसाच्या वाढ्यांचे दोन भारे टाकले आणि बैलाला उतरवू लागलो. जमीन छातीभर खाली दिसत असल्याने तो बिचकला, मागे रेटत राहिला. मागून कोणीतरी शेपटी पिळली तशी त्याने उडी घेतली, भारा सरकला आणि पुढचा उजवा पाय अंगाखाली मुडपला. उठला तेव्हा तो पाय टेकवत नव्हता. काका दिवसभर त्याच्याजवळ बसून हळद-तेल चोळत होते. लंगडत्या बैलाला कोण विचारणार? संध्याकाळी त्याच टेम्पोत, पुन्हा तशाच ओढाताणीने, त्याला चढवून घरी आणले. वर्षभर पेंड-भुसा घालून जपलेले जनावर शेवटच्या चार फुटांत अधू झाले, याची हळहळ मला आजही वाटते. यात कोणा एकाची चूक होती असे माझे म्हणणे नाही, कारण उतरवायला दुसरी जागाच नव्हती.

पूर्वी जनावरे रस्त्याने चालत, मुक्काम करत यात्रेला येत. आता जवळपास सगळीच वाहनातून येतात. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा राज्याचा कायदा वैध ठरवल्यापासून तर चांगल्या खोंडासाठी लांबलांबची माणसे चौकशी करतात. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरे भरू देत नाहीत आणि चढवण्यासाठी योग्य फलाट असावा असेही सांगतात. त्यासाठी फार खर्च नाही. टेम्पोच्या तळाइतक्या उंचीचा दगडी बांध, त्याला लागून मुरूम धुमसून केलेला लांबट, सौम्य उतार, दोन्ही बाजूंना लाकडी कठडा आणि वर अंथरायला पाचट. असे दोन धक्के केले, एक उतरवायला आणि एक चढवायला, तर गर्दीही तुंबणार नाही. २०२२ साली लम्पी त्वचारोगामुळे राज्यभर गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. कानातला ओळखीचा बारा अंकी बिल्ला पाहणे, जनावराच्या अंगावर गाठी आहेत का हे डॉक्टरांनी तपासणे, ही कामेही धक्क्यापाशीच सोयीने होतील. जवळच पाण्याचा हौद असावा, कारण प्रवासातून उतरलेले जनावर आधी पाणी शोधते.

या यात्रेत जनावराला केवढा मान आहे हे सोलापूरकरांना सांगायला नको. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचे प्रतीक असलेल्या काठ्यांना आपण नंदीध्वज म्हणतो. होमविधीच्या रात्री दिवसभर उपाशी ठेवलेल्या मानाच्या वासरासमोर धान्य, गूळ, गाजर, बोरे ठेवली जातात आणि ते कशाला तोंड लावते, बिचकते की शांत राहते, यावरून येत्या वर्षाची भाकणूक होते. पाऊसपाणी कसे होईल हे ऐकायला हजारो माणसे एका वासराकडे डोळे लावून बसतात. त्याच यात्रेच्या बाजारात येणारे एकही खोंड टेम्पोतून उडी मारून उतरू नये.

मुरमाचे काम पावसाळ्यापूर्वी झाले तर एका पावसात ते चांगले दबून बसेल, म्हणून जानेवारीची वाट न पाहता बाजार भरवणाऱ्यांनी व पशुसंवर्धन खात्याने एकत्र बसून येत्या उन्हाळ्यातच जागा आखून घ्यावी, अशी कळकळीची विनंती आहे. गड्ड्याच्या बाजारात हे झाले, तर जिल्ह्यातील इतर बाजारांनाही तसा आग्रह धरता येईल.

आपला,
एक वाचक, सोलापूर