तो ‘एक सहकलाकार’ ली जे. कॉब आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’वरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, म्हणूनच जास्त लागलं. फोटोखाली छापलंय, ‘हेन्री फोंडा व एक सहकलाकार’. अहो, तो ली जे. कॉब आहे! खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या बारा ज्युररांपैकी नंबर तीन. ‘आरोपी मुलगा गुन्हेगारच’ म्हणून शेवटपर्यंत अडून बसलेला. तो अडला नसता तर फोंडाने वाद घालायचा कोणाशी?

सत्तरच्या दशकात आमच्या गावच्या फिल्म सोसायटीत हा चित्रपट लागला, तेव्हा वडिलांना सोबत नेलं होतं. त्यांना इंग्रजी बेताचंच कळायचं. पण कॉबचं पाकीट टेबलावर आदळतं, त्यातून स्वतःच्या मुलासोबतचा फोटो बाहेर येतो, तो फोटो तो टराटरा फाडतो आणि तिथेच ढसाढसा रडतो, तेव्हा वडील खुर्चीत पुढे सरकून बसले. घरी येताना एवढंच विचारलं, ‘‘फोटो फाडणारा तो कोण रे?’’ मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या चिटणीसांना गाठलं, तर म्हणाले, ‘‘फोंडा सोडला तर बाकी सगळे किरकोळ.’’ नाव सापडायला दोन महिने लागले. वाचनालयातल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात मिळालं. इतक्या वर्षांनी तुम्हीही तेच ‘किरकोळ’ छापलंत.

१० फेब्रुवारी १९४९ ला न्यूयॉर्कच्या मोरोस्को थिएटरात ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ या नाटकाचा पडदा उघडला, तेव्हा त्याचा नायक, पहिला विली लोमन म्हणून हाच माणूस उभा होता. विलीने साठी ओलांडलेली, कॉब ३७ वर्षांचा! नाटककार आर्थर मिलरच्या मनातला विली चणीने लहान होता. त्याला कोणीतरी ‘कोळंबी’ म्हणून हिणवतं असं लिहिलं होतं. कॉब पडला धिप्पाड, म्हणून त्या जागी ‘वॉलरस’ आला. नटाच्या अंगकाठीपायी मिलरने शब्द बदलला, यापेक्षा मोठा मान कोणता? तरी १९५१ च्या चित्रपटात विली फ्रेडरिक मार्चला मिळाला. कॉबचा विली कॅमेऱ्यासमोर यायला १९६६ उजाडलं, तोही टीव्हीवर.

१९५३ मध्ये कॉबने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कम्युनिस्ट म्हणून २० जणांची नावं घेतली. ते मला कधीच पटलेलं नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘ऑन द वॉटरफ्रंट’ चित्रपटामधल्या गोदीच्या दादासाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. हेही लिहा. माणूस पुरता समजू द्या, पण आधी नाव तर द्या.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’च्या हिंदी अवतारातल्या, ‘एक रुका हुआ फैसला’मधल्या पंकज कपूरचं कौतुक लेखात आहे, ते रास्तच आहे. मग ती भूमिका मूळ चित्रपटात कोणी केली, हे सांगायला एक ओळ पुरली असती.

जाता जाता, नाट्यगृहाच्या दुरवस्थेवरचं माझं मागचं पत्र तुम्ही छापलंत, आभार. पण गळक्या छताचा मुख्य परिच्छेदच कापलात. हे पत्र कापायचं असेल तर वॉलरस कापा, वडिलांचा प्रश्न राहू द्या.

आणि येत्या रविवारी तोच फोटो पुन्हा छापून खाली पूर्ण नाव द्या: ली जे. कॉब.

आपला,
एक जुना वाचक, सातारा