डिस्चार्ज कार्ड मराठीत द्या

सरकारी रुग्णालयांबद्दलची नाराजी म्हटली की अस्वच्छता, औषधांचा तुटवडा आणि लांबच लांब रांगा यांची चर्चा होते. ती रास्तच आहे. पण 'कुणी नीट सांगितलंच नाही' ही तक्रार त्याहून जास्त कानावर येते, आणि खासगी रुग्णालयांबाबतही ती तितकीच येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या व उपचार मोफत झाले, हा उत्तम निर्णय. मात्र उपचार मोफत असूनही ते पुढे घरी कसे चालू ठेवायचे, हे रुग्णाला समजतेच असे नाही.

खरा घोळ घरी सोडताना होतो. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, त्यावर 'ओडी' (दिवसातून एकदा), 'बीडी' (दिवसातून दोनदा), 'एसओएस' (गरज पडली तरच) अशी अक्षरे. आमच्या शेजारच्या आजींनी बरे वाटल्यावर रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली. ती आपल्या मनाने थांबवायची नसते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

औषधांची नावे सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असा भारतीय वैद्यक परिषदेचा नियम २०१६ मध्ये झाला. आता गोळी सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर आणि कोणती लक्षणे दिसताच परत यायचे, एवढे तरी मराठीत लिहून देणे शासनाने बंधनकारक करावे. शिवाय 'कोणती गोळी कधी घ्याल, सांगा बघू' असे रुग्णालाच विचारावे. ओपीडीतल्या गर्दीमुळे डॉक्टरांना वेळ नसतो, हे मान्य. पण हे काम परिचारिका किंवा फार्मासिस्टही करू शकतात.

– एक वाचक, सातारा