चौथ्या पलंगाबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : माँ ब्लाँ परिक्रमेत हटमधला एक पलंग आरक्षित नसल्याबाबत

महोदय,

जुलैमधल्या तुमच्या माँ ब्लाँ परिक्रमेला आम्ही चौघी मैत्रिणी गेलो होतो. आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वताभोवती फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड मिळून साधारण 170 किलोमीटरची ही पायवाट. वाट अप्रतिम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एका रात्रीची आहे.

त्या दिवशी आम्ही ले शापियोहून निघालो. ते गाव दीड हजार मीटरच्या थोडं वर, आणि फ्रान्स-इटलीच्या सीमेवरची सेन्य खिंड 2,516 मीटरवर. म्हणजे कळसूबाईपेक्षा साडेआठशे मीटरहून जास्त उंच. खिंडीत वारा उभं राहू देत नव्हता. पलीकडे इटलीत उतरून हटला, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घराला, पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. बूट दाराशी काढून रॅकवर ठेवले, तिथल्या रबरी चपला घातल्या आणि तुमचं व्हाउचर पुढे केलं. त्यावर स्पष्ट आहे : चार व्यक्ती, हाफ बोर्ड (म्हणजे रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता), शाकाहारी.

हटवाल्या बाईंनी वही उघडली. आमच्या नावापुढे पेन्सिलीनं तीनचा आकडा होता. शाकाहाराचा उल्लेख कुठेच नाही.

तुमच्या '24 तास' नंबरवर मी चार वेळा फोन केला. पुण्यात तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. कुणीही उचलला नाही.

बाईंनी मग संगणकावरची मेल दाखवली, आणि खरा राग मला तिथे आला. तुम्ही चार जागा मागितल्या होत्या. त्यांनी मार्चमध्येच कळवलं होतं की तीनच शिल्लक आहेत. तुमच्या माणसानं 'चालेल' असं उत्तर दिलं होतं. कुणाला चालेल? आमच्याकडून चौघींचे पैसे तुम्ही एप्रिलमध्ये घेतलेत!

हट म्हणजे हॉटेल नव्हे, हे मला कळतं. सामायिक खोलीत लाकडी फळीवर ओळीनं गाद्या, सातच्या सुमारास सगळ्यांना एकच जेवण, दहाला दिवे बंद. गाद्या संपल्या की संपल्या. पुढची वस्ती कुर्मायूर, आणखी काही तास चालून. म्हणूनच तर लोक महिनोन्‌महिने आधी आरक्षण करतात, आणि म्हणूनच आम्ही तुम्हाला पैसे दिले.

बाईंनी मला बाहेर काढलं नाही, ही त्यांची माणुसकी. दहा वाजता जेवणघरातली बाकं सरकवून टेबलाखाली एक गादी टाकून दिली. माझ्या डोक्याजवळ टेबलाचा पाय, पायाशी रात्रभर घुरघुरणारा फ्रीज. पहाटे पाचला मुलगा नाश्त्याचे कप मांडायला आला, तेव्हा ब्लँकेट गुंडाळून मी कोपऱ्यात उभी. त्या दिवशीची चाल अजून पुढेच होती. जेवणाचंही तेच. रस्सा मांसाचा होता. आम्हाला मक्याच्या रव्याचा सांजा आणि वर चीज मिळालं. आधी कळलं असतं तर वेगळं केलं असतं, असं बाई दोनदा म्हणाल्या. त्या गादीचे आणि जेवणाचे 60 युरो मी रोख दिले.

परत आल्यावर तुमच्या प्रतिनिधीनं फोनवर सांगितलं, "मॅडम, डोंगरात थोडी गैरसोय होणारच." मी एकोणसाठ वर्षांची आहे. तोरण्यावर मेंगाईच्या देवळात आणि राजगडावर पद्मावतीच्या देवळात फरशीवर झोपले आहे. तिथे कुणी मला व्हाउचर दिलं नव्हतं. माझी तक्रार फरशीची नाही. जी गोष्ट तुम्हाला मार्चपासून ठाऊक होती, ती मला इटलीत, दमल्या पायांनी, परक्या बाईच्या वहीत वाचावी लागली, याची आहे.

माझ्या त्या रात्रीचे तुम्ही घेतलेले पैसे आणि वरचे 60 युरो परत करावेत. 'चालेल' हे कुणी, कुणाला विचारून लिहिलं, त्याचा लेखी खुलासाही हवा. 15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आणखी एक. ऑगस्टच्या बॅचमध्ये माझी भाची आहे. त्या हटमध्ये तिचा पलंग आहे की नाही, ते आजच बघून तिला कळवा.

आपली,
चौघींपैकी चौथी

सोबत : व्हाउचर, हटची 60 युरोंची पावती, मेलचा फोटो, फोन केल्याच्या नोंदी