भुताच्या गोष्टीची तारीख आधी तपासा

महोदय,
‘काळ मागे सरकला’ अशा गोष्टींत फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याचं उदाहरण हमखास येतं. १० ऑगस्ट १९०१ रोजी शार्लट मोबर्ली आणि एलिनॉर जॉर्डन या इंग्रज विदुषी तिथल्या पेती त्रियानों या छोट्या महालाच्या बागेत वाट चुकल्या. तिकोनी टोपीतली माणसं दिसली, वातावरण उदास वाटलं. हिरवळीवर चित्र काढत बसलेली बाई म्हणजे अठराव्या शतकातली फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत, असं पुढे ठरलं. मात्र ती बाई दिसली एकट्या मोबर्लींना; शेजारून चालणाऱ्या जॉर्डनना नाही! शिवाय दोघींनी आपापली हकीकत लिहिली ती नोव्हेंबरात, म्हणजे तीन महिन्यांनी, आणि तीही आपसात बोलणं झाल्यावर. या अनुभवावरचं दोघींचं पुस्तक निघालं १९११ मध्ये, टोपणनावांनी. मधल्या दहा वर्षांत जुने नकाशे, कागदपत्रं धुंडाळून झाली होती. आठवणीत वाचलेलं मिसळतं ते असंच, त्यासाठी खोटं बोलावं लागत नाही.

आपल्या शनिवारवाड्याचंही तसंच. ‘काका, मला वाचवा’ ही हाक म्हणे पौर्णिमेच्या रात्री ऐकू येते. पण नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला, तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, आणि तोही भरदिवसा. पौर्णिमा आली कुठून? बरं, हे जिथे घडलं त्या आतल्या लाकडी इमारतीही १८२८च्या आगीत गेल्या. उरली तटबंदी, दरवाजे आणि जोती.

अशी गोष्ट छापताना घटना कधीची आणि ती पहिल्यांदा कागदावर कधी आली, या दोन तारखा शेजारी शेजारी द्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक, पुणे