गाव विरोधात असताना कौन्सिलनं मंजुरी कशी दिली

केंट, इंग्लंड

ती. स्व. आप्पाकाकांस,
साष्टांग नमस्कार.

क्रॅनब्रुकच्या 165 घरांचं प्रकरण तुम्ही परवा फोनवर विचारलंत. गावाचा एवढा विरोध असताना तिथल्या कौन्सिलनं मंजुरी दिलीच कशी, हा तुमचा प्रश्न. फोनवर त्याचं उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते. मुळशीतल्या आराखड्याच्या भानगडीतही यातलं थोडंफार तुमच्या उपयोगी पडेल.

क्रॅनब्रुक हे केंटमधलं जुनं गाव, एके काळी लोकरीच्या कापडासाठी नावाजलेलं. भोवतालचा मुलूख म्हणजे हाय वील्ड. लहान लहान वेडीवाकडी शेतं, त्यांच्यामध्ये झाडाझुडपांची दाट कुंपणं, वापरून वापरून खोल गेलेल्या वाटा आणि जुनी रानं. हा सगळा पट्टा निसर्गसौंदर्यासाठी कायद्यानं राखलेला आहे. गाव आणि हार्टली नावाची वस्ती यांच्यामध्ये टर्नडेनची जमीन येते. तिथं बर्कली होम्स या बांधकाम कंपनीनं 165 घरांचा अर्ज केला, त्यातली 40 टक्के परवडणारी घरं. जानेवारी 2021 मध्ये टनब्रिज वेल्स बरो कौन्सिलच्या प्लॅनिंग कमिटीनं अर्जाच्या बाजूनं कौल दिला. विरोधात फक्त गावकरी नव्हते. नॅचरल इंग्लंड ही सरकारचीच निसर्गसंरक्षण संस्था, तीही विरोधात होती.

एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं फाइल स्वतःकडे मागवून घेतली. सरकारनं नेमलेल्या नियोजन इन्स्पेक्टरनं जाहीर चौकशी घेतली आणि मंजुरीची शिफारस केली. एप्रिल 2023 मध्ये मंत्री मायकल गोव्ह यांनी शिफारस बाजूला ठेवून अर्ज फेटाळला. घरांची रचना हाय वील्डच्या डिझाइन मार्गदर्शिकेला साजेशी नाही, हे त्यातलं एक कारण. कंपनी कोर्टात गेली, सरकारनं माघार घेतली, तो निर्णय रद्द झाला आणि शेवटी परवानगी मिळाली.

आता हे असं का झालं. 1947 च्या कायद्यापासून इथं जमीन मालकाची असली तरी तिच्यावर बांधायला परवानगी लागते. ती परवानगी कौन्सिल देतं, पण मनाला येईल तशी नाही. निर्णय स्थानिक आराखड्याप्रमाणेच घ्यायचा, आणि वेगळा घ्यायचा तर नियोजनाशी संबंधित ठोस कारण लागतं, असं 2004 चा कायदा सांगतो. कमिटीवर निवडून आलेले नगरसेवक बसतात, मात्र त्या टेबलावर त्यांना जवळजवळ न्यायाधीशासारखं वागावं लागतं. आधीच मत ठरवून आलेला नगरसेवक मतदान करून बसला, तर अख्खा निर्णय कोर्टात अडकू शकतो.

टनब्रिज वेल्सचा आराखडा तेव्हा जुना होता, 2006 आणि 2010 चा. नव्या आराखड्याचा मसुदा तयार होता आणि त्यात टर्नडेनची जमीन घरांसाठी दाखवलेली होती. काका, माझ्या मते या प्रकरणाची खरी गाठ इथं आहे. कमिटीच्या रात्री हॉल भरतो, फलक लागतात, पण नकाशावर रंग पडलेला असतो त्याच्या कितीतरी आधी. मसुद्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा गावातले थोडेच लोक लिहितात.

दुसरी गाठ आकड्यांची. प्रत्येक कौन्सिलला पुढच्या पाच वर्षांना पुरेल एवढी बांधण्याजोगी जमीन हाताशी आहे, हे दाखवावं लागतं. समजा वर्षाला 600 घरांची गरज आहे. पाच वर्षांची झाली 3,000, त्यावर 5 टक्के राखीव धरली की 3,150, म्हणजे वर्षाला 630. कौन्सिलकडे खरोखर उभी राहतील अशा 2,800 घरांचीच जमीन असेल, तर साठा भरतो साडेचार वर्षांहून थोडा कमी. पाचाच्या खाली गेलं की आराखड्यातली घरांबाबतची धोरणं जुनी धरली जातात आणि तराजू अर्जदाराकडे झुकतो. नुकसान फायद्यापेक्षा ठळकपणे जास्त आहे हे दाखवता आलं, तरच नकार टिकतो. टनब्रिज वेल्सचा साठा तेव्हा पाच वर्षांहून थोडा कमीच होता.

राखीव निसर्गप्रदेशात मात्र हा तराजू सहजासहजी झुकत नाही. तिथं मोठा प्रकल्प अपवादात्मक परिस्थितीतच, आणि लोकहितासाठीच करता येतो. त्यासाठी तीन गोष्टी तपासतात: गरज किती, ती या प्रदेशाबाहेर भागेल का, आणि निसर्गाचं नुकसान किती व ते कितपत कमी करता येईल. टर्नडेनची सगळी भांडणं या तीन प्रश्नांवर झाली. या तालुक्याचा बराच भाग राखीव, त्यामुळे बाहेर जागा कुठून आणायची, ही बाजू जड ठरली. मला विचाराल तर नॅचरल इंग्लंडचा आक्षेप हलका नव्हता. अशी शेतं एकदा गेली की परत तयार होत नाहीत.

गावाचा विरोध मोजला जातो तो मुद्द्यांवर, सह्यांवर नाही. एकाच मजकुराची पाचशे पत्रं आली तरी मुद्दा एकच धरतात. ‘आमच्या घराची किंमत पडेल’, ‘खिडकीतून दिसणारी दरी जाईल’ ही वाक्यं वाचून अधिकारी पुढचं पान उलटतो, कारण कायद्यानं ती विचारात घेताच येत नाहीत. पॅरिश कौन्सिल म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत. तिचं मत विचारतात, पण नकाराधिकार तिला नाही. चालतं ते असं पत्र: अमुक रस्त्यावर ताशी 30 मैलांची मर्यादा आहे, तिथं गाडी बाहेर काढताना दोन्ही बाजूंना 43 मीटर दिसलं पाहिजे, आणि नकाशात दाखवलेली दृष्टिरेषा शेजाऱ्याच्या जमिनीतून जाते. याला अर्जदाराला उत्तर द्यावंच लागतं.

या 43 मीटरचा आणखी एक परिणाम लोकांच्या ध्यानात उशिरा येतो. माप घ्यायचं ते कडेपासून 2.4 मीटर आत उभं राहून, आणि ती सगळी रेषा मोकळी हवी. म्हणजे रस्त्याकडेचं जुनं कुंपण तेवढं तोडायचं. ताशी 60 मैलांच्या रस्त्यावर तर मापदंड 215 मीटरचा. त्यातून बरेच अर्ज ‘आउटलाइन’ असतात. घरांचं रूप, उंची, मांडणी, झाडं हे सगळं नंतर ठरवायचं, पण प्रवेशरस्ता बहुधा पहिल्याच अर्जात पक्का होतो. लोक घरांच्या रंगीत चित्रावर भांडत बसतात आणि कुंपण उडवणारं ड्रॉइंग कोणी उघडत नाही.

रस्त्यावरची गर्दी हा सगळ्यात आवडता आक्षेप आणि सगळ्यात कमी टिकणारा. वाहतुकीवरचा परिणाम ‘गंभीर’ असेल तरच नकार देता येतो, नुसता वाढलेला चालत नाही. सांडपाण्याचंही तसंच. गटार आधीच तुंबलेलं असलं तरी 1991 च्या कायद्यानं नव्या घरांना सार्वजनिक गटाराला जोडणी घेण्याचा हक्क आहे, आणि क्षमता नाही म्हणून पाणी कंपनीला ती नाकारता येत नाही. त्यामुळे अडवायचं असेल तर परवानगीतच अट घालून घ्यावी लागते: गटाराचं काम पूर्ण होईपर्यंत एकाही घरात माणूस राहायला येणार नाही. गावानं नकाराचा हट्ट धरला, तरी ही अट आधीपासून लिहून मागितलेली बरी. बहुतेक गावं इथंच चुकतात. अटी मागितल्या म्हणजे हार मानली, असं त्यांना वाटतं.

नगरसेवकांवर पैशाचं दडपणही असतं. नकाराचं कारण पुराव्यानिशी मांडता आलं नाही आणि तरी नकार दिला, तर कंपनी अपील करते आणि कौन्सिलला तिचा खर्च भरावा लागू शकतो. उलट मंजुरी मिळाली तर शेजाऱ्याला अपीलच नाही. सहा आठवड्यांत हायकोर्टात जायचं, आणि तिथंही प्रक्रियेत कायद्याची चूक झाली का एवढंच बघतात. घरं चांगली की वाईट, हे कोर्ट बघत नाही. ही मला इथल्या पद्धतीतली सरळ अन्यायाची गोष्ट वाटते. शेजारच्या आयर्लंडमध्ये हरकत घेतलेल्या माणसाला अपील करता येतं, इथं नाही.

कमिटीनं कौल दिल्यावर, पण परवानगीचा कागद निघण्याआधी, कंपनी आणि कौन्सिल यांच्यात कलम 106 चा करार होतो. परवडणारी घरं किती, शाळेला पैसे किती, दवाखान्याला किती, सगळं त्यात असतं. रकमेपेक्षा ती कधी द्यायची हे आधी वाचावं. ‘शंभरावं घर भरल्यावर’ असं लिहिलं असेल, तर पहिल्या नव्याण्णव घरांतली मुलं जुन्याच वर्गांत कोंबली जाणार. रकमेला महागाईची जोड नसेल तर शाळा बांधायची वेळ येईपर्यंत ती अपुरी पडते. ठरल्या मुदतीत खर्च न झालेले पैसे परत जातात. कामं अर्ध्यात आली की ‘आता परवडत नाही’ म्हणून परवडणारी घरं कमी करायचा अर्जही येतो. आणि वसाहतीतले रस्ते, पावसाच्या पाण्याचं तळं, बाग हे पुढं कोण सांभाळणार? कौन्सिलनं ते ताब्यात घेतले नाहीत, तर एक व्यवस्थापन कंपनी येते आणि घरमालक वर्षानुवर्षं वेगळी वर्गणी भरत राहतात. फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या प्रकल्पांना जैवविविधता आधीपेक्षा 10 टक्के वाढवून 30 वर्षं टिकवावी लागते. नियम चांगला आहे, पण दहाव्या वर्षी तपासायला कोण जातं, हे आत्ताच विचारून ठेवलं पाहिजे.

आता तुमच्याकडचं. पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) विकास आराखड्याचा मसुदा 2021 मध्ये आला तेव्हा हजारो हरकती गेल्या. त्यातल्या कितीतरी छापील असतात आणि सुनावणीत दोन मिनिटांत निकाली निघतात. पुढचा मसुदा कधीही येवो, नोटीस लागल्यापासूनची मुदत पहिल्या दिवशीच कॅलेंडरवर लिहून ठेवा. ग्रामसभेचा ठराव करा, पण त्यावर विसंबू नका. प्रत्येक खातेदाराची हरकत वेगळी, त्यात गट नंबर, नकाशावरचा रंग, काय बदलून हवंय आणि का. ओढ्याचा प्रवाह दाखवलेला नसेल तर पावसाळ्यातला तारखेसह फोटो आणि मोजणीचा नकाशा जोडा. पोच सही-शिक्क्यासकट घ्या आणि सुनावणीला स्वतः जा.

मळ्यातल्या ओढ्याकाठच्या तुकड्याचा सातबारा आणि मोजणीची प्रत बाळूला स्कॅन करून पाठवायला सांगा. हरकतीचा कच्चा मसुदा मी इथून लिहून देते, तो तलाठ्याला एकदा दाखवून घ्या. काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी