विस्मरणाचे निदान आणि आपली अहिराणी

महोदय,

ज्या वावरात माझे वडील ४० वर्षे राबले, त्याचीच वाट विसरून ते गेल्या पोळ्याला बांधावर थांबून राहिले. एमआरआयच्या अहवालात मात्र ‘वयानुसार बदल’ एवढेच आले. नेहमीचा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. मेंदूचे दूरदूरचे भाग एकमेकांशी कितपत मेळ राखून काम करतात, हे त्यात कळत नाही. त्यासाठी माणूस यंत्रात नुसता पडून असताना रक्तातील प्राणवायूच्या पातळीतले सूक्ष्म चढउतार नोंदवतात आणि ज्या भागांतले चढउतार सोबत होतात, ते एका जाळ्यातले मानतात. विश्रांतीत सक्रिय राहणाऱ्या, आठवणींशी निगडित अशा जाळ्याची जोडणी अल्झायमरमध्ये सैल पडते, हे २००४ मधील संशोधनात दिसले होते. अर्थात हे रुग्णसमूहांच्या तुलनेतून कळते, एकट्या रुग्णाचे निदान अजून त्यावरून होत नाही, हे घरच्यांनीही ध्यानात घ्यावे.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरा येथील ग्रामीण ज्येष्ठांचा दीर्घकाळ पाठपुरावा करत आहे व त्यात मेंदूच्या प्रतिमांचाही समावेश आहे. तसा अभ्यास जळगाव, धुळे, नंदुरबारमध्येही व्हावा, ही कळकळीची विनंती. त्यातील स्मृतिचाचणी मात्र अहिराणीत हवी. प्रमाण मराठीतल्या प्रश्नांपुढे गप्प बसलेले वडील मी अहिराणीत विचारताच आपल्या जुन्या बैलांची नावे ओळीने सांगू लागले.

– एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)