जॉश जॉन्सन, एका सब टीचरकडून तुला मनापासून थँक्यू

जॉश,

तुला मराठी येत नाही हे माहितीये, पण इंग्लिशमध्ये लिहायला बसलं की ते जॉब ॲप्लिकेशनसारखं व्हायला लागतं, म्हणून मराठीतच लिहितेय. आणि वयाने मोठी आहे म्हणून सरळ अरेतुरे करतेय, राग मानू नकोस.

मी व्हर्जिनियात ॲशबर्नला राहते. तू खेळतोस त्या अमेरिकन फुटबॉलमधल्या वॉशिंग्टनच्या टीमची प्रॅक्टिस आमच्याच गावात होते, त्यामुळे नको म्हटलं तरी फुटबॉल घरात शिरतोच. नाशिकला मी गणित शिकवायचे, इथे आल्यावर सब टीचर झाले, म्हणजे कुणी टीचर आजारी पडली की पहाटे फोनवर मेसेज येणार, आपण हो म्हणायचं आणि थोड्या वेळात अनोळखी शाळेत दुसरीने लिहून ठेवलेला प्लॅन हातात घेऊन उभं राहायचं. पोरांना पहिल्या मिनिटात वास लागतो की ही आपली नाही, मग नावं बदलून सांगणार, जागा बदलून बसणार, काही विचारू नकोस.

डिसेंबर 2018 मध्ये तू आमच्या गावात आलास. त्या सीझनला वॉशिंग्टनच्या क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सांगून बॉल फेकणाऱ्या, मंडळींना काय दृष्ट लागली होती देव जाणे, नोव्हेंबरमध्ये ॲलेक्स स्मिथचा पाय मोडला, पंधरा दिवसांत कोल्ट मकॉयचाही मोडला, उरला मार्क सांचेझ, आणि त्याच्या मागे कुणीतरी हवं म्हणून तुला फोन केला. तू तेव्हा सॅन दिएगोत दुसऱ्याच एका नव्या लीगच्या टीमबरोबर होतास, एनएफएलच्या, म्हणजे इथल्या मुख्य लीगच्या, खऱ्या मॅचमध्ये शेवटचा पास टाकलास तो 2011 साली. माझा मुलगा हसत हसत सांगत आला की आई, याला आपल्याच टीममधल्या प्लेयर्सची नावं माहीत नाहीत म्हणून तो मॅडन हा व्हिडिओ गेम खेळून नावं पाठ करतोय! त्याला जोक वाटला. मी मात्र भाजी ढवळायची थांबले, कारण मला वाटलं हा माणूस माझंच काम करतोय आणि माझ्यापेक्षा फार बरं करतोय.

तेव्हापासून मी शाळेच्या पार्किंगमध्ये जरा लवकर पोचून फोटोवाला सीटिंग चार्ट मिळवते आणि नावं घोकते. हजेरी न घेता दारातच नावाने हाक मारली ना की आठवीतला सगळ्यात वांड पोरगासुद्धा गोंधळतो आणि मुकाट बसतो. हे तुझ्याकडून घेतलंय, त्याचे आभार आधी.

नंतर मी तुझं सगळं वाचत गेले. ओकलंडचा मुलगा, मार्शॉन लिंच हा नावाजलेला प्लेयर तुझा नातेवाईक, कॉलेज युनिव्हर्सिटी ऑफ सॅन दिएगो, जिथे फुटबॉलसाठी स्कॉलरशिपसुद्धा मिळत नाही, तिथे शेवटच्या वर्षी 43 टचडाउन पास, म्हणजे थेट पॉइंट मिळवून देणारे, आणि इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी पकडलेला पास, फक्त 1. हे वाचून मी मुलाला दोनदा विचारलं, 1 म्हणजे एकच ना. 2008 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात तिथे, टॅम्पा बेने पाचव्या राउंडला घेतलं, तिथे 5 मॅचेस स्टार्ट केल्यास, म्हणजे सुरुवातीपासून खेळलास, आणि पाचही हरलात. मग सुरू झाली तुझी वारी, सॅन फ्रान्सिस्को, क्लीव्हलँड, सिनसिनाटी, न्यूयॉर्कच्या दोन्ही टीम्स, इंडियानापोलिस, बफेलो, बाल्टिमोर, ह्यूस्टन, ओकलंड, पुढे डेट्रॉइट, डेन्व्हर, आमचं वॉशिंग्टन धरून एकूण 14 टीम्स, हा रेकॉर्ड आहे. कितीतरी ठिकाणी एक मॅचसुद्धा खेळायला मिळाली नाही, नुसतं प्रॅक्टिसला समोरच्या टीमच्या क्वार्टरबॅकची नक्कल करायची म्हणजे आपल्या डिफेन्सची तयारी होते. प्रत्येक टीमचं प्लेबुक, म्हणजे चालींची वही, वेगळं, तीच चाल इथे एका नावाने आणि तिथे भलत्याच नावाने, आणि कोचचं बोलणं ऐकवणारा हेल्मेटमधला रेडिओ तर चाल सुरू करायच्या घड्याळात 15 सेकंद उरले की बंदच होतो, पुढे तू आणि तुझं पाठांतर.

लोक म्हणतात जर्नीमन, म्हणजे टीम बदलत फिरणारा, म्हणून रायन फिट्झपॅट्रिक हा क्वार्टरबॅक बघा. बघितला, हार्वर्ड, ती दाढी, मजा आहे. पण तो बहुतेक टीम्समध्ये खेळला तरी. न खेळता इतकी वर्षं तयार राहणं हे मला जास्त अवघड वाटतं, माझं मत.

16 डिसेंबरला जॅक्सनव्हिलला तुम्ही शेवटच्या क्षणी फील्ड गोल मारून 16–13 जिंकलात. स्टार्टर म्हणून तुझी पहिली जिंकलेली मॅच, ड्राफ्टनंतर 10 वर्षांनी. आमच्या घरात तर असा आरडाओरडा झाला की नवरा अंघोळ अर्धवट टाकून बाहेर आला.

2021 तर कमालच. नोव्हेंबरमध्ये जेट्सकडून मध्येच आत जाऊन 317 यार्ड, 3 टचडाउन. डिसेंबरमध्ये बाल्टिमोरचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन जखमी, त्याचा बॅकअप कोविडमध्ये अडकलेला, तर बाल्टिमोरने तुला उचलून आणलं आणि काही दिवसांतच तू सिनसिनाटीत 304 यार्ड टाकलेस. दोन्ही मॅचेस हरलात, पण त्यात तुझा काय दोष?

आणि जानेवारी 2023 चं फिलाडेल्फिया, त्याबद्दल लिहू की नको असं झालं होतं. तू परत सॅन फ्रान्सिस्कोकडे, सुपर बोल, म्हणजे फायनल, एक पाऊल लांब, पहिल्याच क्वार्टरमध्ये तुमचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डीचं कोपर गेलं आणि तू आत आलास. चाल सुरू होताना मागे दिलेला बॉल, म्हणजे स्नॅप, एकदा हातातून सुटला, मग तिसऱ्या क्वार्टरमध्ये डोकं आपटून तूही बाहेर, आणि ज्याला धड बॉल फेकता येत नव्हता त्या पर्डीलाच परत उभं राहावं लागलं. 31–7 ने हरलात. दुसऱ्या दिवशी टीचर्स लाउंजमध्ये एक जण म्हणाला, चौथ्या नंबरच्या माणसाकडून अजून काय होणार. मी सब आहे, लाउंजमध्ये फार बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. म्हटलं, डिसेंबरपर्यंत तो डेन्व्हरची चोपडी पाठ करत होता, तुम्ही करून दाखवा. पुढे मे महिन्यात लीगने नियमच बदलला, आता इमर्जन्सीसाठी तिसरा क्वार्टरबॅक ठेवता येतो. शहाणपण आलं, पण उशिरा.

मला अजून कायमची नोकरी नाही. एका बाईंच्या मॅटर्निटी लीव्हवर सातवीच्या गणिताचा वर्ग मिळालाय, त्या परत आल्या की मी निघणार. पूर्वी अशा वेळी पोरांशी फार जीव लावायचा नाही असं ठरवायचे, आता पहिल्या दिवसापासून वर्ग माझाच असल्यासारखा शिकवते, गृहपाठसुद्धा कडक तपासते. पोरं कुरकुरतात. त्याचं थँक्यूही तुलाच.

बाकी एक विचारायचं होतं. 14 टीम्सची प्लेबुक्स डोक्यात आहेत, तर झोपेत बडबडतोस तेव्हा कुठल्या टीमची चाल बोलतोस? बायकोला विचारून सांग.

तुझी,
ॲशबर्नची एक सब टीचर